चुकाऱ्याच्या पैशाने क्रिप्टो घ्यावे का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील एका २६ वर्षांच्या पदवीधर शेतकऱ्याचा आहे. सहा एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर मिळून ३,८०,००० रुपयांचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, नुकताच खात्यात जमा झाला आहे. गावातील चार-पाच मुले वर्षभरापासून क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या फक्त संगणकावर असणाऱ्या नाण्यांत, पैसे लावत आहेत आणि त्यांतील एकाने त्या कमाईवर मोटारसायकल घेतली आहे. मावसभाऊ ‘रोज एक टक्का’ देणाऱ्या एका कंपनीत आहे आणि त्याच्याकडे २०,००० रुपये देऊनही झाले आहेत. आता ३ लाख रुपये बिटकॉइनमध्ये टाकावेत, त्या कंपनीत टाकावेत, की दोन्हीकडे निम्मे-निम्मे, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २६ वर्षे तालुक्याच्या गावी कर सल्लागार म्हणून काम करतो. मोटारसायकल घेणारा मुलगा पानठेल्यावर दिसतो, त्याच लाटेत बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवून बसलेला मुलगा तिथे दिसत नाही, कारण तो बोलत नाही. माझ्या टेबलासमोर मात्र विवरणपत्र भरण्याच्या निमित्ताने दोघेही येतात. त्यामुळे गावात जी बाजू ऐकू येत नाही, तीही मला माहीत असते आणि त्या आधारावरच हे उत्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट अशी की तुमच्या प्रश्नात दोन अगदी वेगळ्या वस्तू एका नावाखाली आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे बोलता येणार नाही. बिटकॉइन ही खरोखर अस्तित्वात असलेली, बाजारात भाव ठरणारी वस्तू आहे. जानेवारी २००९ मध्ये ते सुरू झाले, त्याची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही अशी त्याची रचना आहे, आणि त्याचा भाव घेणारे व विकणारे यांच्या मागणीवरच चालतो. त्यात धोका मोठा आहे, पण तो उघड आहे. मावसभावाची ‘कंपनी’ हा प्रकार निराळा आहे. रोज एक टक्का म्हणजे किती, हे एकदा कागदावर मांडून पाहा. मिळालेली रक्कम पुन्हा त्यातच ठेवत गेल्यास तुमचे २०,००० रुपये एका वर्षात ७,५५,००० रुपयांच्या वर जातात आणि दुसऱ्या वर्षाअखेर पावणेतीन कोटींच्या पुढे. असा धंदा ज्याला खरोखर जमतो, त्याला तुमच्या गावातून वीस-वीस हजार गोळा करत फिरण्याची गरज नसते.

हे नवे नाही. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने २०१५ पासून दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा देण्याचे आश्वासन देऊन देशभरातून बिटकॉइन गोळा केले. पुढे गुंतवणूकदारांना बिटकॉइनऐवजी योजनेचेच स्वतःचे, कमी किमतीचे टोकन, म्हणजे डिजिटल नाणे, देण्यात आले, पुण्यासह अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले आणि नंतर तपास सीबीआयकडे गेला. ‘वनकॉइन’ या जगभर पसरलेल्या योजनेत तर नाणे म्हणून जे विकले जात होते, त्यामागे खरी ब्लॉकचेनच, म्हणजे अशा नाण्यांचे व्यवहार नोंदवणारी सामायिक डिजिटल खातेवहीच, नव्हती आणि तिची प्रवर्तक २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेपत्ता झाली. खूण ओळखायला सोपी आहे. परतावा ठरलेला आहे, खाली माणसे जोडली की जास्त मिळते, आणि ॲप प्लेस्टोअरवरून न घेता व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून टाकायचे आहे, यांतले एक जरी दिसले तरी तिथे एक रुपयाही देऊ नये. अशा ठिकाणी पहिल्यांदा हजार-पाचशे रुपये काढता येतात, नव्हे, मुद्दाम काढू दिले जातात. ‘मला तर पैसे मिळाले’ हे मावसभावाचे म्हणणे म्हणूनच खरे असू शकते आणि तरीही त्याला पुरावा मानता येत नाही.

आमच्या घराने हे सोसलेले आहे. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या कंपन्यांचे पेव फुटले होते. आज काही हजार भरा, कंपनी तुमच्या नावाने झाडे लावील आणि वीस वर्षांनी लाखो रुपये देईल, असे ते सांगणे होते. माझ्या वडिलांनी आठ हजार रुपये भरले. कंपनीचा दलाल आमचाच सोयरा होता आणि त्याने स्वतःचेही पैसे त्यात घातले होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. हिरव्या कडेचे, वर झाडाचे चित्र असलेले ते प्रमाणपत्र अजूनही आईच्या पेटीत आहे, घडीच्या जागी फाटलेले. कंपनीचे कार्यालय बंद झाले, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी १९९९ मध्ये नियम आणले, पण आमचे पैसे तोवर गेले होते. त्या सोयऱ्याशी आमचे बोलणे पुढे अकरा वर्षे बंद राहिले. पैशांपेक्षा त्याचे मला अधिक वाईट वाटते, कारण तो माणूस लबाड नव्हता. गावात अशा योजना लबाड माणसांच्या तोंडून कमी आणि विश्वासू माणसांच्या तोंडून जास्त पसरतात. तुमच्या मावसभावाबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवा.

आता खऱ्या बिटकॉइनकडे वळतो. त्यात लोकांना पैसे मिळालेले आहेत हे मी नाकारत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा भाव १ लाख डॉलरच्या वर गेला. पण तो तिथवर कोणत्या वाटेने गेला, हे आपल्या शेतीच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६९,००० डॉलरच्या आसपास होता. तो आपल्याकडे वेचणीचा आणि पहिल्या चुकाऱ्याचा काळ. समजा त्या वेळी कोणी ३ लाख रुपये टाकले. जून २०२२ मध्ये, म्हणजे बियाण्याच्या थैल्या आणि खत उचलण्याच्या वेळी, भाव २०,००० डॉलरच्या खाली आला होता. डॉलर त्या काळात महागला होता हे धरूनही त्या ३ लाखांचे १ लाखाच्या आत झाले होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसाने ‘थांबू, पुन्हा वर येईल’ असे म्हटले आणि तो थांबू शकला, कारण पुढच्या महिन्याच्या १ तारखेला त्याचा पगार येणार होता. आपल्याकडे मृग लागल्यावर थांबता येत नाही. ज्याने थांबायला हवे होते त्यालाच सर्वांत खालच्या भावाला विकावे लागते. यात त्या माणसाचा धीर कमी पडला असे म्हणता येत नाही, कारण त्याच्या पैशाला आधीच तारीख लागलेली होती.

मला या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. यूट्यूबवर सल्ला देणारे बहुतेक लोक पगारदार श्रोत्यांशी बोलत असतात. ‘उत्पन्नाच्या १० टक्के जोखमीत घाला’ हे त्यांचे वाक्य कोरडवाहू शेतकऱ्याने जसेच्या तसे उचलू नये. तुमची सहा एकर शेती ही स्वतःच एक मोठी जोखीम आहे. पावसाचा खंड, बोंडअळी, भाव, या तिन्हींवर तुम्ही दर वर्षी घरातले बहुतेक पैसे लावतच असता. त्यातून जे हाती येते ते पुन्हा दुसऱ्या अनिश्चित ठिकाणी लावणे म्हणजे एका जोखमीवर दुसरी चढवणे होय.

आणि लाटेचा मोह काय असतो, हे आपल्याला परक्या वस्तूवरून शिकण्याची गरज नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला, तो आपण सर्वांनी पाहिला. पुढच्या हंगामात सात-आठ हजारांचा भाव मिळत असताना अनेकांनी ‘मागच्या वर्षीचा भाव येऊ दे’ म्हणून कापूस घरात भरून ठेवला. तो उन्हाळ्यापर्यंत तसाच राहिला, घरातील लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, वजनात घट आली आणि शेवटी उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, पडत्या भावात द्यावा लागला. ते शेतकरी अडाणी नव्हते, त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कापसाची ओळख होती. तरीही एकदा पाहिलेला मोठा आकडा मनातून जात नाही आणि तोच खरा भाव वाटू लागतो. ज्या पिकाचे झाड आपण रोज पाहतो त्याच्या बाबतीत असे होत असेल, तर ज्याचा भाव रात्री दोन वाजताही हलतो आणि खिशातल्या फोनवर दिसतो, त्याच्या बाबतीत आपण शांत राहू असे मानू नये. संयम त्या क्षणी सुचत नाही, तो आधीच ठरवून ठेवावा लागतो.

ठरवायचा कसा, ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. एका कागदावर ३,८०,००० लिहा आणि त्याखाली ज्या पैशाला तारीख लागली आहे तो वजा करत जा. तुम्ही कळवलेल्या माहितीवरून पीककर्जाचे १,२०,००० रुपये मुदतीत भरायचे आहेत. हे प्राधान्याने, कारण मुदतीत परतफेड केली तरच केंद्राची आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत मिळून ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की ती सवलत जाते आणि पुढचे कर्जही अडते. खरिपाला बियाणे, खत, निंदण, डवरणी आणि फवारणी धरून एकरी १५,००० प्रमाणे ९०,०००. बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे ५५,०००. दिवाळीपर्यंतचा घरखर्च ६०,०००. दवाखाना आणि अडीअडचण ३०,०००. बेरीज ३,५५,००० होते. उरतात २५,००० रुपये.

म्हणजे तुमचा प्रश्न ३ लाखांचा नव्हताच, तो २५,००० रुपयांचा आहे. त्यातले २०,००० मावसभावाकडे गेलेले आहेत, हेही कागदावर लिहा. तरीही तुम्हाला बिटकॉइन घ्यावेसेच वाटत असेल, तर उरलेल्या ५,००० रुपयांच्या आत घ्या आणि ते पूर्ण गेले असे समजून घ्या. त्यासाठी कर्ज काढू नका. सोनेतारण नको, सावकार नको, फोनवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज नको, आणि आईच्या बचत गटातून उचललेले पैसे तर मुळीच नकोत.

बचत गटावरून एक सुचवावेसे वाटते. गटात कोणाला कर्ज हवे असेल तर तिला बैठकीत सर्वांसमोर रक्कम आणि कारण बोलून दाखवावे लागते, मग ठराव होतो आणि सह्या होतात. ही पद्धत घरात आणा. ५०० रुपयांपेक्षा जास्त रक्कम कोणत्याही ॲपमध्ये टाकण्यापूर्वी ती आकड्यासह आईवडिलांसमोर मोठ्याने सांगायची आणि सांगितल्यापासून सात दिवस थांबायचे. मी हे अनेकांना करायला लावले आहे. आकडा उच्चारताना ज्याचा आवाज खाली जातो, त्याला उत्तर तिथेच कळलेले असते. सात दिवसांत भाव वाढून ‘संधी गेली’ असे वाटेल, ती जाऊ द्यावी. ज्या वस्तूचा भाव गेल्या सोळा-सतरा वर्षांत अनेकदा निम्म्याहून खाली आला, तिच्या बाबतीत एका आठवड्याची घाई कोणाच्या फायद्याची असते, याचा विचार करा. २०१७ च्या डिसेंबरात २०,००० डॉलरच्या जवळ गेलेला भाव वर्षभराने साडेतीन हजारांच्या खाली होता. १०० रुपयांचे २० झाले की पुन्हा १०० व्हायला त्या २० चे पाचपट व्हावे लागतात.

‘फ्युचर्स’ (पुढच्या भावावरचे सौदे) आणि ‘लिव्हरेज’ (उसन्या पैशावर मोठा सौदा) या बटनांना हात लावू नये. दहापट लिव्हरेज घेऊन १०,००० रुपयांवर १ लाखाचा सौदा करता येतो, पण भाव साधारण १० टक्के उलट गेला की तुमचे १०,००० संपतात आणि सौदा आपोआप बंद होतो. नंतर भाव वर आला तरी तुम्ही त्यात नसता. १२ मार्च २०२० या एकाच दिवशी बिटकॉइन एक तृतीयांशाहून अधिक पडले होते.

आता माझ्या कामाचा भाग, ज्याविषयी गावात सर्वांत कमी बोलले जाते. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून आपल्याकडच्या अनेकांची कराशी ओळखच नाही. पण १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. मूळ करमुक्त मर्यादेचा लाभ या नफ्याला मिळत नाही. खरेदीच्या किमतीशिवाय दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही आणि, नीट वाचा, एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्यातील नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. गेल्या जुलैत एक तरुण शाळेच्या वहीत सर्व सौदे तारखेवार लिहून घेऊन आला होता, निळ्या शाईने नफा आणि लाल शाईने तोटा. एका नाण्यात १,८०,००० नफा, दुसऱ्यात २,१०,००० तोटा. “काका, मी तर तीस हजारांनी तोट्यात आहे, टॅक्स कशाचा?” असे त्याने विचारले. मला त्याला सांगावे लागले की कर १,८०,००० वर लागेल, म्हणजे ५४,००० आणि उपकर २,१६०, एकूण ५६,१६० रुपये. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. शेवटी त्याने ते पैसे तूर विकून भरले. विक्रीच्या वेळी १ टक्का टीडीएसही कापला जातो आणि तो आयकर विभागाच्या नोंदीत दिसतो, त्यामुळे ‘कोणाला कळणार आहे’ हा समज मनातून काढून टाका.

दुसरा धोका कराहूनही जवळचा आहे. काही मुले एक्स्चेंजवरून, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवरून, अनोळखी माणसाला थेट टेथर, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेले नाणे, विकतात, कारण भाव दोन-तीन रुपये जास्त मिळतो. समोरून खात्यात आलेले पैसे सायबर फसवणुकीतील निघाले, तर ज्याच्या खात्यात ते आले ते खाते गोठवले जाते. आमच्या भागातील एका मुलाने १८,००० रुपयांचे टेथर असे विकले. मे महिन्यात परराज्यातील सायबर पोलिसांच्या पत्रावरून त्याचे खाते बंद झाले आणि त्याच खात्यात सोयाबीनचे ९६,००० रुपये अडकले. अर्ज, ईमेल, ओळखपत्रे, सौद्याचे स्क्रीनशॉट असे सर्व पाठवून खाते सुटेपर्यंत पेरणी होऊन गेली होती. बियाणे त्याने कृषी केंद्रातून उधारीवर, वाढीव दराने उचलले. त्याने गुन्हा केला नव्हता, पण जून महिना त्याच्यासाठी थांबला नाही. म्हणून ज्या खात्यात चुकारा आणि अनुदान येते, ते खाते क्रिप्टोच्या कोणत्याही ॲपला जोडू नका. वेगळे बचत खाते ठेवा आणि अनोळखी व्यक्तीशी थेट सौदा करू नका.

एक्स्चेंज निवडताना ते भारताच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदलेले आहे का ते पाहा. मार्च २०२३ पासून या व्यवसायाला मनी लॉन्ड्रिंग (काळा पैसा पांढरा करणे) प्रतिबंधक कायदा लागू झाला आहे. मात्र नोंदणी म्हणजे हमी नव्हे. वझीरएक्स या भारतातील मोठ्या एक्स्चेंजवर १८ जुलै २०२४ रोजी सायबर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांना आपली क्रिप्टो काढून घेण्याची सोय वर्षाहून अधिक काळ मिळाली नाही. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, तसा इथे नाही.

राहिले मावसभावाकडचे २०,०००. ते परत मागा, पण भांडून नव्हे. त्याला सांगा की दोघांनी मिळून आजच पूर्ण रक्कम काढण्याची विनंती ॲपवर टाकू. ‘आधी १० टक्के टॅक्स भरा, मग पैसे निघतील’ किंवा ‘आणखी दोन आयडी लावा’ (म्हणजे आणखी दोन माणसे जोडा) असे उत्तर आले, तर एक पैसाही भरू नका, कारण खरा कर कोणी पैसे काढण्यापूर्वी ॲपमध्ये मागत नाही. मग उशीर न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे कोणत्या यूपीआयवर किंवा खात्यात गेले, तारीख, वेळ, व्यवहार क्रमांक आणि कंपनीच्या व्हॉट्सॲप गटातील संदेश यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण असे गट रातोरात बंद होतात. गेलेले पैसे काढून देतो असे सांगत फी मागणारा कोणी भेटला, तर तोही त्याच टोळीतला समजावा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा असे दोन्ही उपलब्ध आहेत, तेव्हा ‘आता काय होणार’ म्हणून गप्प बसू नका. आपले पैसे निघावेत म्हणून तिसऱ्या कोणाला त्यात जोडण्याचा विचार मात्र मनात येऊ देऊ नका. आमच्या सोयऱ्याने शेवटच्या दोन महिन्यांत नेमके तेच केले होते.

मावसभावाने गावातून आणखी कोणाकोणाचे पैसे घेतले आहेत, त्यांची नावे आणि रकमा त्याच्याकडून आताच लिहून घ्या आणि त्या यादीवर त्याची सही ठेवा. तक्रार करताना ही यादी त्याला स्वतःलाही उपयोगी पडेल, कारण त्यानेही स्वतःचे पैसे घातले असतील, तर तोही तक्रारदारच ठरू शकतो. हे काम पीककर्जाच्या मुदतीपूर्वी उरका आणि कर्जाचे १,२०,००० मात्र उद्याच बँकेत भरून पावती घ्या.